वस्तूचा विरोध : मकबूल फिदा हुसेन यांचे तीन चित्रपट

चित्रकाराने निर्माण केलेल्या चित्रपटाची चर्चा बहुधा ‘चित्रमयता’ या एका संज्ञेपाशी येऊन थांबते. या संज्ञेने कलाकृतीचा गौरव होतो आणि तिच्या उणिवांना सवलतही मिळते. पंढरपूर येथे १९१५ साली जन्मलेल्या आणि मुंबईत चित्रपटांचे जाहिरातफलक रंगवून उपजीविका केलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रपटांची समीक्षा या सवलतीतून मुक्त होणे आवश्यक आहे.

फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी केलेल्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ या लघुपटाला १९६७ च्या बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. माहितीपट म्हणजे निवेदकाच्या अधिकारवाणीने केलेले लोकशिक्षण, असा संकेत त्या संस्थेत दृढ होता. या लघुपटात मात्र दृश्यांचा अर्थ सांगणारा निवेदक नाही. राजस्थानातील वाळू, भिंती, जनावरे आणि माणसे यांच्या सान्निध्यात छत्री, कंदील, जोडा या वस्तू पुनःपुन्हा येतात. त्या कशाची प्रतीके आहेत, हे शेवटपर्यंत निश्चित होत नाही. कॅनव्हासवर वस्तू चित्रकाराच्या रेषेच्या अधीन असते. येथे ती ऊन, वारा आणि काळ यांच्याही अधीन आहे. कलावंताच्या हेतूला वास्तवाने केलेला हा विरोध हेच या लघुपटाच्या प्रायोगिकतेचे मर्म होय.

‘गजगामिनी’ (२०००) मध्ये हा विरोधच नाहीसा होतो. कालिदास, लिओनार्दो, शकुंतला, मोनालिसा असे भिन्न काळांतील संदर्भ एकत्र येतात. परंतु त्या सर्वांचा अर्थ ‘चिरंतन स्त्री’ या संकल्पनेत आधीच ठरून गेलेला आहे. माधुरी दीक्षित यांची देहबोली कितीही समर्थ असली, तरी तिला त्या संकल्पनेचे उदाहरण होण्यापलीकडे वाव उरत नाही. नेपथ्यही हुसेन यांच्या चित्रविश्वाचाच विस्तार ठरते. चित्रमयता येथे विपुल आहे. पण दृश्याला स्वतःचे असे अस्तित्व नाही.

‘मीनाक्षी : अ टेल ऑफ थ्री सिटीज’ (२००४) या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरतो. त्यातील नायिका कादंबरीकाराच्या लेखनावर आक्षेप घेते. निर्मितीच निर्मात्याला जाब विचारू लागते. हैदराबाद आणि प्राग यांच्यासोबत जैसलमेर, म्हणजे १९६७ च्या लघुपटाचा प्रदेश, येथे पुन्हा येतो. मात्र पूर्वी वस्तूंनी मूकपणे केलेला विरोध आता संवादांतून व्यक्त होतो. एका गीताच्या शब्दांना काही मुस्लिम संघटनांनी घेतलेल्या आक्षेपांनंतर हा चित्रपट चित्रगृहांतून मागे घेण्यात आला. परिणामी त्याच्या रूपाची चर्चा वादामागे झाकली गेली.

तात्पर्य, हुसेन यांच्या चित्रपटांचे मूल्यमापन त्यांत चित्रकार किती दिसतो, या निकषावर करता येणार नाही. चित्रकाराच्या दृष्टीला न जुमानणारे असे काही त्यांत कितपत शिल्लक राहते, हाच खरा प्रश्न आहे. आणि त्याचे सर्वांत समर्थ उत्तर त्यांच्या पहिल्याच, शब्दांवर न विसंबणाऱ्या लघुपटाने दिले आहे.