विरोधी मताचा अधिकार : डॉ. जयंत नारळीकर यांच्या भूमिकेची चिकित्सा

प्रस्तावना :
विश्वाची उत्पत्ती हा असा विषय आहे की, त्यावर मत देण्यास कोणासही संकोच वाटत नाही. मुखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकापुढेही केव्हातरी एखादे निवृत्त गृहस्थ आपली वही उघडून ठेवतात आणि त्या वहीत आइन्स्टाइन चुकल्याचे सिद्ध झालेले असते. शंका घेतली की उत्तर ठरलेले असते : "नारळीकरांनी तरी महास्फोट कोठे मानला?" या एका वाक्यात तज्ज्ञतेचा अव्हेर आहे आणि तज्ज्ञाचा आधारही आहे. हा आधार कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नारळीकरांचा विरोध :
फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी व टॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते, परंतु नवे द्रव्य निर्माण होत राहिल्याने त्याचे स्वरूप बदलत नाही, असे तो सांगतो. नारळीकर केंब्रिजमध्ये हॉईल यांचे विद्यार्थी झाले, त्याच सुमारास, १९६१ मध्ये, मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या गणनेवरून हा सिद्धांत खोटा ठरल्याचे जाहीर केले. हॉईल आणि नारळीकर यांनी त्याला उत्तर दिले ते राइल यांच्याच क्षेत्रात उतरून. स्रोतांचे वितरण कसे गृहीत धरले असता तीच गणना स्थिर-स्थितीशी जुळू शकते, हे त्यांनी गणिताने दाखविले. वाद कडवट झाला, पण तो आकड्यांवरून झाला. पुढे १९६५ मध्ये पेंझियस व विल्सन यांना सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण आढळले आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांनी महास्फोटाचा पक्ष स्वीकारला.

नारळीकरांनी तो स्वीकारला नाही. हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासमवेत १९९३ मध्ये त्यांनी स्थिरवत् स्थितीचे प्रतिरूप मांडले. ताऱ्यांचा प्रकाश सूच्याकार लोहकणांच्या धुळीत शोषला जाऊन पुन्हा उत्सर्जित होतो व त्यातून पार्श्वप्रारण निर्माण होते, असे त्याचे स्पष्टीकरण होते. एडवर्ड राइट यांनी १९९४ मध्येच त्यावर निरीक्षणांच्या आधारे आक्षेप घेतले. नव्या शतकात पार्श्वप्रारणातील सूक्ष्म चढउतारांची जी मोजमापे हाती आली, ती महास्फोटाच्या प्रतिरूपाशी सहज जुळली. स्थिरवत् स्थितीशी ती जुळविण्यासाठी मात्र वेगळी गृहीतके घ्यावी लागली. येथे नारळीकरांची बाजू दुबळी आहे, हे मान्य केले पाहिजे. महास्फोटवादी कृष्णद्रव्य, कृष्णऊर्जा अशी अदृश्य साधने जोडत जातात, हा त्यांचा आक्षेप योग्य असला तरी लोहकणांची धूळ ही त्याच जातीची जोडणी ठरते. उलट, विश्वाच्या प्रसरणाची गती वाढते आहे, हे १९९८ मध्ये दिसून आले तेव्हा मूळ स्थिर-स्थिती सिद्धांतात तशी वाढ अभिप्रेत होती, याची आठवण फार थोड्यांनी ठेवली. पराभूत पक्षाचे बरोबर आलेले भाकीतही विस्मृतीत जाते.

व्यासपीठ आणि गर्दी :
विरोधकांची गळचेपी होते, ही तक्रार सर्वस्वी निराधार नाही. हॉल्टन आर्प यांची निरीक्षणे ताम्रसृतीच्या रूढ अर्थाविरुद्ध जात होती. १९८० च्या दशकात त्यांना पालोमार येथील दुर्बिणीचा वेळ नाकारण्यात आला आणि अखेर ते जर्मनीस गेले. मे २००४ मध्ये 'न्यू सायंटिस्ट'मधून प्रसिद्ध झालेल्या खुल्या पत्रावर आर्प, बाँडी, गोल्ड यांच्याबरोबर नारळीकरांचीही सही होती. निधी केवळ महास्फोटाच्या संशोधनास मिळतो, हा त्या पत्राचा मुख्य मुद्दा होय. पुढे सह्यांची यादी वाढत गेली आणि तीत अभियंते व स्वतंत्र अभ्यासकही आले. ज्याने चाळीस वर्षे समीकरणे तपासून घेतली त्याची सही आणि ज्याने एकही तपासून घेतले नाही त्याची सही एकाच रांगेत आली. सह्यांच्या संख्येने सिद्धांत खरा ठरत नसेल, तर बहुमताविरुद्धचे हे अस्त्र विरोधकांनी वापरावयास नको होते. निवृत्त गृहस्थांच्या वहीला बळ येते ते अशाच यादीतून.

दुसरी बाजू :
विश्वरचनाशास्त्रात अल्पमतात असलेले नारळीकर फलज्योतिषाच्या प्रश्नावर प्रस्थापित विज्ञानाच्या बाजूने उभे राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये पुण्यात आयुका स्थापन केली, नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले. त्याच आयोगाने २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरविले आणि नारळीकरांनी त्यास जाहीर विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. शैक्षणिक बाबतीत तज्ज्ञ मंडळाच्या निर्णयात हस्तक्षेप करता येणार नाही, या भूमिकेवरून २००४ मध्ये याचिका फेटाळली गेली. येथे तज्ज्ञतेचा दाखला फलज्योतिषाच्या उपयोगी पडला, ही बाब प्राध्यापकवर्गाने विसरण्याजोगी नाही.

या वादात नारळीकरांनी पदाचा आधार घेतला नाही, चाचणी घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे व प्रकाश घाटपांडे यांच्यासमवेत त्यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमविल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच ज्योतिषांनी सांगावयाचे होते. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांची उत्तरे पाठविली. त्यांचे यश छापा-काट्यापेक्षा सरस नव्हते. निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या दोन भूमिकांत विसंगती पाहणाऱ्यांनी ही पद्धत पाहिलेली नसते. महास्फोट नाकारताना आपला पर्याय त्यांनी मोजमापापुढे ठेवला, तसाच ज्योतिषांचा दावाही मोजमापापुढे ठेवला. पहिल्या ठिकाणी निकाल त्यांच्या विरुद्ध गेला.

मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी १९७४ मध्ये त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ते नाव तयार केले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्राध्यापकाचे नाव परीक्षकांपुढे जाऊ नये, एवढाच त्यामागे हेतू होता. कथेला बक्षीस मिळाले ते जगतापांची म्हणून.