रुमालाची दंतकथा आणि उस्मानी अंतःपुराचें दप्तर

उस्मानी सुलतानांच्या जनानखान्याविषयीं लिहितांना लेडी मेरी मॉंटेग्यू या इंग्रज वकीलपत्नीचीं पत्रें हटकून आधारास घेतात. त्यांची साधन म्हणून परीक्षा मात्र व्हावी तशी होत नाहीं. बाई तुर्कस्थानांत होत्या 1717-18 सालीं. संग्रह छापला गेला 1763 मध्यें, त्यांच्या मृत्यूनंतर, आणि तोही त्यांनीं मागाहून नीट लिहून काढलेल्या प्रतीवरून. मूळ पत्र व संस्कारिलेली नक्कल यांतील भेद आपल्या वाचकांस सांगावयास नको. शिवाय त्यांचें गाजलेलें स्नानवर्णन सोफिया येथील सार्वजनिक हमामखान्याचें आहे, राजवाड्याचें नव्हे. आंग्र या फ्रेंच चित्रकारानें त्याचीं टिपणें केलीं आणि तुर्कस्थान न पाहतां 1862 त आपलें प्रसिद्ध चित्र पुरें केलें!

एका स्थळीं मात्र बाईंची साक्ष बहुमोल आहे. सुलतान रुमाल टाकून दासी निवडतो, ही कथा युरोपांत रूढ होती. दुसऱ्या मुस्तफाची विधवा हाफिसा हिला त्यांनीं तीविषयीं विचारलें. तिनें ती साफ खोटी ठरविली. आंत राहिलेल्या स्त्रीचा हा जबाब आहे; शंभर प्रवाशांच्या ऐकीव बखरी त्यापुढें फिक्या पडतात.

दिनचर्या हवी असेल तर दप्तराकडेच वळलें पाहिजे. लेस्ली पीर्स यांच्या 1993 च्या ग्रंथांत वेतनपत्रकें व वक्फनामे लावून पाहिले आहेत. त्यांतून दिसतें तें कडक पायऱ्यांचें एक मोठें घर. सुलतानाची आई, म्हणजे वालिदा, ही त्याची मुख्य. कोठी, धुणें, कॉफी, अन्नाची चव पाहणें, अशा कामांवर एकेक ‘उस्ता’ स्त्री; तिच्या हाताखालीं नव्या मुली. सुलेमानाची पत्नी हुर्रेम हिची नेमणूक रोज 2000 अस्पर, तर तिसऱ्या मेहमदाची आई साफिये हिची 3000. सुलतानाच्या प्रियेहून त्याच्या मातेचा मान मोठा, हें या दोन आंकड्यांनीं जितकें स्पष्ट होतें तितकें कोणत्याही वर्णनानें होत नाहीं. ‘हरम’ या शब्दाचा अर्थही निषिद्ध व पवित्र असाच आहे; आपला ‘शुद्धान्त’ शब्द सहज आठवतो.

विलासाची कथा खोडतांना कांहीं अभ्यासक दुसऱ्या टोकास जातात व या घरास कन्याशाळेची उपमा देतात. शिवण, गायन, वाचन तेथें शिकवीत हें खरें. कित्येकींना सेवेनंतर मुक्त करून दरबारी अधिकाऱ्यांशीं त्यांचीं लग्नें लावीत, हेंही खरें. पण सारें आयुष्य शाळेंत घालविलेल्या मला ती उपमा पटत नाहीं. शाळेंतल्या मुली सायंकाळीं घरीं जातात. येथें बहुतेक मुली विकत आणलेल्या अथवा नजर केलेल्या. आणि पत्रकांत त्यांचें नांव सांपडतें तेंही बहुधा वाड्यानें ठेवलेलें फारसी नांव, आईबापांनीं ठेवलेलें नव्हे.