साखरदाणी कशाला उघडली?

लेमनी स्निकेटच्या साखरदाणीत काय होते, ते आता सगळ्यांना कळले आहे. ‘अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स’ या मुलांच्या पुस्तकमालिकेच्या उत्तरार्धात ज्या भांड्यापायी माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात आणि जे वाचकासमोर कधीच उघडत नाही, ते नेटफ्लिक्सने 2019 साली आपल्या रूपांतराच्या शेवटच्या पर्वात उघडून टाकले. आत साखर, विषारी अळंबीपासून बचाव करणारी. पाठोपाठ खलनायक काउंट ओलाफच्या बापाला कोणी मारले, याचेही उत्तर हातावर ठेवले. चडफडाट होतो तो साखर निघाली म्हणून नव्हे. काहीही निघाले असते तरी झालाच असता. मुलांच्या रहस्यकथेने शेवटी सगळा हिशेब चुकता केलाच पाहिजे, ही समजूत इतकी मुरली आहे की ती जाणूनबुजून मोडणारी मालिकाही अखेर तिच्यात कोंबली गेली.

ही मालिका अपुरी असताना, 1999 ते 2006 या काळात, जशी वाचली गेली तेच तिचे खरे रूप. दुसरे ते चौथे पुस्तक एका साच्यातले: अनाथ बोदलेअर भावंडे नव्या पालकाकडे जातात, ओलाफ वेष पालटून येतो, मुले त्याला ओळखतात, आणि सतत खोकणाऱ्या बँकर मिस्टर पोला ते काही पटत नाही. पाचव्याच्या अखेरीस पळवून नेली जाणारी त्यांची मित्र क्वॅगमायर भावंडे ‘व्ही. एफ. डी.’ एवढी एका गुप्त संघटनेची तीन अक्षरे ओरडतात आणि साचा फुटतो. ब्रेट हेल्क्विस्टची चित्रे निरखून पाहावीत. पुस्तकाच्या शेवटच्या चित्रात पुढच्या पुस्तकाची खूण दडवलेली असते. पहिल्यात दिव्याच्या खांबाला वेटोळे घालून बसलेला साप, कारण पुढे ‘द रेप्टाइल रूम’ येणार. मग स्निकेटचे संपादकाला पत्र, पुढचे हस्तलिखित कुठे सापडेल ते सांगणारे. शेवटच्या चार पुस्तकांत तर दरवेळी वर्षभराची वाट. त्या वर्षात मूल मागची पाने पुन्हा चाळते, चित्रांचे कोपरे तपासते, कोण कोणाच्या बाजूचा याचे तर्क लढवते. तेराही पुस्तके एका खोक्यात घेणाऱ्यासाठी तो साप खूण राहत नाही, जाहिरात होतो.

मुलांच्या इतर लोकप्रिय कथांत हे अपुरेपण सहसा आढळत नाही. ब्लायटनचे पाच जण सुट्टी संपायच्या आत चोर पकडतात, आपला फास्टर फेणेही पुस्तक मिटण्यापूर्वी. ‘द मिस्टीरियस बेनेडिक्ट सोसायटी’ हुशार आहे, प्रवेशपरीक्षेइतकीच. पॉटरचा उपसंहार पोरांची नावे ठेवून मोकळा होतो. या सगळ्यांत उत्तर हे बक्षीस असते. स्निकेटकडे उत्तराची भीती वाटते. ‘द पेनल्टिमेट पेरिल’मध्ये मुलांपुढे येते ते असे: ऑपेराच्या एका रात्री त्यांच्या आईवडिलांच्या हाती विषारी बाणांची पेटी पडली होती, आणि ओलाफच्या पोरकेपणाचा धागा त्याच बाणांशी जुळतो. बाण कोणी, का मारला, हे पुस्तक सांगत नाही. म्हणूनच पुढे मुले स्वतः हॉटेलला आग लावण्यात सामील होतात, तेव्हा भल्यांची टोळी आणि बुऱ्यांची टोळी ही सोयीची वाटणी त्यांच्या हातून निसटते. पडद्यावर मात्र तो बाण म्हणजे चुकलेला नेम. अपघात! एका दृश्यात आई निर्दोष सुटली, आणि आपल्यावर माया करणारी माणसे खरोखर भली होती का, हा मुलांपुढचा सर्वांत अवघड प्रश्नही निकालात निघाला.

स्निकेट हे नाव घेऊन लिहिणाऱ्या डॅनियल हँडलरकडे उत्तरेच नव्हती, त्याने वाचकाला झुलवले, असा आक्षेप घेतला जातो. समजा, नव्हती. पण ‘द एंड’मधल्या बेटावर एक जाडजूड वही आहे. एकामागून एक तिथे वाहून आलेल्यांनी ती लिहिली, मुलांच्या आईवडिलांनीही लिहिली, शेवटी मुलेही तीत लिहितात. ती कोणाच्याच हातून पुरी होत नाही. वाट चुकलेला लेखक असे रचत नाही. हँडलर स्वतः पडद्यावरच्या रूपांतरात सामील होता, हा आक्षेप जास्त वजनदार. होता. पण 2012 ते 2015 दरम्यान ‘ऑल द राँग क्वेश्चन्स’च्या चारही पुस्तकांना प्रश्नच शीर्षक म्हणून देणाराही तोच होता, आणि दोघांत निवड करायची तर पुस्तकवाल्याचे ऐकावे. उरतो सर्वांत टोकदार मुद्दा. या पुस्तकांत मोठी माणसे मुलांपासून गोष्टी लपवतात. पाणबुडीचा कॅप्टन विडरशिन्स तर काही गुपिते मुलांना झेपणारी नाहीत असे तोंडावर सांगतो. मग निवेदक स्निकेट वेगळे काय करतो? तो लपवत नाही, त्याला ठाऊकच नसते. तो जळक्या घरांतून, फाटक्या कागदांतून, ऐकीव गोष्टींतून माग काढत फिरतो आणि जिथे माग संपतो तिथे तसे सांगतो. म्हणून फसवणुकीने गांजलेल्या मुलांच्या कथेत तोच एक विश्वासाचा मोठा माणूस ठरतो. रूपांतराच्या शेवटी बोदलेअर भावंडांनी सांभाळलेली छोटी बिअट्रिस त्याला भेटते, समोर बसून पुढची सगळी हकिगत सांगते, आणि त्याची शोधाशोध थांबते. त्यानंतर त्याच्याकडे मुलांना सांगण्यासारखे काय उरले, ते पटकथाकारांनाच विचारायला हवे.