नक्काल की नक्काश?

उर्दूत ‘नक्काल’ आणि ‘नक्काश’ हे दोन शब्द लिहिताना फरक पडतो तो फक्त शेवटच्या अक्षराचा. पहिला दुसऱ्याची नक्कल करणारा, दुसरा नक्षी कोरणारा. मालेगावच्या सिनेमाचा विषय निघाला की आपल्यातले शिकलेसवरलेले लोक पहिला शब्द वापरून मोकळे होतात. आम्हीही त्यांतलेच. नाशिकच्या उर्दू शाळेत चित्रकलेच्या तासाला एका मुलाने सुपरमॅन काढला होता. हातात जेवणाचा डबा, पाठीमागे यंत्रमागाचा कारखाना. ‘नक्कल मत करो’ म्हणून आम्ही ते चित्र खोडायला लावले आणि त्याला सीनरी काढायला सांगितली. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी. पिढ्यान्‌पिढ्या सगळी मुले तीच सीनरी काढत आली आहेत, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही.

परका नायक आपला केव्हा होतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर फार दूर, पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात सापडते. तेथील वाहगी खोऱ्यातल्या जमातींमध्ये १९८० च्या दशकात टोळीयुद्धे पुन्हा पेटली आणि मधल्या काळात मागे पडलेल्या ढाली पुन्हा घडवल्या जाऊ लागल्या. काही ढालींवर चित्र होते अमेरिकन कॉमिक्समधल्या फँटमचे. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला हा मुखवटाधारी नायक तेथील तोक पिसिन भाषेतल्या ‘वांतोक’ या वृत्तपत्रातून घरोघरी पोचला होता. मूळ कथेत तो जंगलातल्या माणसांवर हुकमत चालवणारा गोरा माणूस आहे. त्या कथेला वसाहतवादाचा उग्र दर्प आहे. वाहगी चित्रकाराने हुकमतीची गोष्ट मागे ठेवली आणि एवढेच उचलले, की हा माणूस मरत नाही. ढालीला दुसरे काय हवे असते? मायकेल ओ’हॅन्लन या अभ्यासकाने अशा ढाली १९९३ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडल्या, तेव्हा ‘आदिवासी कला म्हणजे शुद्ध आणि पुरातन’ असे मानणाऱ्यांची अडचण झाली असणार.

आपल्याकडे हेच काम भाषेने केले. १९६४ च्या मार्चमध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले आणि मराठीत फँटमचा झाला ‘वेताळ’. आमच्या पिढीला तो भेटला रद्दीच्या दुकानात, कारण ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. पण नाव कोणाचे दिले पाहा! वेताळ हा कोकण-गोव्यातला गावराखण करणारा देव. आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठमोठ्या चामडी चपला वाहतात, कारण रात्री गावाची फेरी मारताना त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. एका नावानिशी परदेशी शिपायाला मराठी गावाची गस्त मिळाली. आपल्याच जिल्ह्यात सुरगाणा-पेठ भागात बोहाड्याची सोंगे नाचतात. रामायण-महाभारतातली पात्रे तेथील आदिवासींनी लाकडी मुखवट्यांतून, संबळाच्या तालावर स्वतःची करून घेतली आहेत. त्यांना कोणी नक्काल म्हणत नाही. मग मालेगावलाच का?

शेख नासीर यांचा ‘मालेगाव का सुपरमॅन’ आणि तो घडताना टिपणारा फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा २००८ चा माहितीपट या प्रश्नावर ठेवून पाहावा. सुपरमॅन झाला आहे शफीक शेख, अंगाने काडी, व्यवसायाने यंत्रमाग कामगार. लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबते आहे. त्याला उडवायला हिरवा पडदा आहे. कॅमेरा मध्येच पाण्यात पडतो. आपण हसतो. पण कशाला हसतो हे तपासले, तर कळते की हे हसू आधी त्या मंडळींनीच योजलेले आहे. सुपरमॅनचा शत्रू इथे परग्रहावरचा नाही. त्याला घाण आवडते. सगळीकडे लोकांनी थुंकत राहावे अशी त्याची इच्छा आहे. मालेगावची गटार ज्याने ओलांडली आहे, त्याला हा खलनायक कल्पित वाटणार नाही. अमेरिकेचा नायक इथे आला आणि त्याला वॉर्डातले काम मिळाले.

आणखी एक गोष्ट. १९३८ मध्ये सुपरमॅन निर्माण करणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर हे स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले तरुण होते. त्यांचा नायकही आपले जग उद्ध्वस्त झाल्यावर परक्या भूमीत वाढलेला. मालेगावचे मोमीन विणकरही १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेकडून माग घेऊन आले. दोघांची भेट आम्हाला अपघाती वाटत नाही.

२००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांनंतर बाहेरच्यांनी या गावाकडे एकाच नजरेने पाहिले. त्या काळात शुक्रवारी, माग बंद असताना, स्वतःवर हसणारे मालेगाव पडद्यावर आले, हे मोल थोडे नाही. २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ने ही कथा देशभर नेली, कलाकारांनी जीव ओतला. तरी आमची तक्रार आहे. तिथे सुपरमॅन जोडला जातो तो मित्राच्या आजारपणाशी. प्रत्यक्षातला शफीकही पुढे कर्करोगानेच गेला, म्हणून डोळे भरून येतात हे खरे. पण गावाच्या घाणीशी भांडणारा सुपरमॅन त्या अश्रूंत पुसट होतो. लोकांची चेष्टा दुसऱ्यांच्या हाती गेली की तिची करुणकथा होते. वारलीणींनी लग्नाच्या भिंतीवर रेखाटलेला देवचौक कपबशीवर आला की त्याचेही असेच होते: आकृती उरते, काम संपते.

कौतुक करताना आपले घरही झाडले पाहिजे. मालेगावच्या या सिनेमात नायिका बाहेरगावाहून आणावी लागली, कारण गावातली मुलगी कॅमेऱ्यासमोर येणार नव्हती. लाल चड्डीतला नायक आपण हसतहसत स्वीकारला. आपल्याच मोहल्ल्यातली मुलगी पडद्यावर स्वीकारणे मात्र आपल्याला जड गेले. सुपरमॅनला दिलेल्या कामांच्या यादीत हे काम नव्हते. ते त्याच्याकडून होणारही नाही. ते आपले आहे.

उसने घेण्यात लाज नाही. उसना नायक जेव्हा आपल्या ढालीवर, आपल्या मागावर, आपल्या गटारीच्या काठी राबू लागतो, तेव्हा घेणारा नक्काल राहत नाही. त्या मुलाच्या चित्रात सुपरमॅनच्या हाती डबा होता. तो कामावर निघाला होता. आम्ही त्याला अडवले, ही चूक आम्ही इथे नोंदवून ठेवतो.