रुग्णाशी बोलणे : नाइटिंगेलबाईंच्या एका प्रकरणाचा विचार

परिचर्येच्या शिक्षणक्रमात ‘आध्यात्मिक शुश्रूषा’ हा विषय आता स्थिरावला आहे. अमेरिकेतील परिचर्या-निदानांच्या यादीत १९७८ साली ‘आध्यात्मिक क्लेश’ ह्या निदानाला स्थान मिळाले. पुढे १९९६ साली डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की ह्यांनी श्रद्धा, तिचे जीवनातील महत्त्व, रुग्णाचा समुदाय आणि उपचारात ह्या बाबींची घ्यावयाची दखल अशा चार अंगांची प्रश्नावली सिद्ध केली. विषयाला शिस्त लाभावी हा ह्या प्रयत्नांमागील हेतू स्तुत्यच होय. तथापि त्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे. रुग्णाचे आध्यात्मिक जीवन ही इतर परिचर्येपासून वेगळी काढता येण्याजोगी आणि स्वतंत्र प्रश्नांनी जाणून घेण्याजोगी बाब आहे, हे ते गृहीत. ते कितपत टिकते हे पाहण्यासाठी आधुनिक परिचर्येच्या आद्य ग्रंथाकडेच वळणे उपयुक्त ठरेल.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचा ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. हवा, उजेड, अन्न, अंथरूण, स्वच्छता, आवाज अशी त्याची प्रकरणे आहेत. धर्म किंवा प्रार्थना ह्यांवर एकही नाही. ही उणीव अनास्थेमुळे राहिली असे मात्र म्हणता येत नाही. ज्या बाईंनी १८६० साली धर्मविचारावरील तीन खंडांचा ग्रंथ खाजगीरीत्या छापून घेतला, त्यांना ह्या विषयाचे वावडे असणे शक्यच नव्हते. मग रुग्णाच्या आत्मिक गरजेची दखल त्यांनी घेतली तरी कोठे? ह्या प्रश्नाचे उत्तर ‘चॅटरिंग होप्स अँड अ‍ॅडव्हाइसेस’, म्हणजे आशेची आणि उपदेशाची बडबड, ह्या प्रकरणात सापडते.

प्रकरणाचा मुख्य रोख रुग्णाच्या हितचिंतकांवर आहे. हे लोक रुग्णाला धीर देतात, त्याचे दुखणे क्षुल्लक ठरवितात आणि ऐकीव उपाय सुचवितात. त्यामुळे रुग्णाला हुरूप तर येत नाहीच, उलट तो अधिक थकतो, असे नाइटिंगेलबाई सांगतात. आपले दुखणे पुरते ओळखून असलेल्या जुनाट रुग्णाला एकच गोष्ट हवी असते. जिच्याजवळ साधेपणाने व उघडपणे बोलता येईल, आपल्या इच्छा व सूचना सांगता येतील, अशी निदान एक व्यक्ती त्याला हवी असते. तो हे बोलू लागताच समोरचा माणूस, देव तुम्हाला आणखी वीस वर्षे देईल, अशा अर्थाचे काही बोलून त्याचे तोंड बंद करतो. येथे देवाचे नाव निघते खरे, परंतु ते निघाल्यामुळेच रुग्णाचे बोलणे खुंटते. धार्मिक शब्द उच्चारला गेला म्हणजे आध्यात्मिक शुश्रूषा घडली असे नव्हे, हे इतक्या थोडक्यात दाखविणारे दुसरे उदाहरण क्वचितच आढळेल.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ह्या निरीक्षणाचे मोल मोठे आहे. केवळ संबंध जोडण्यासाठी किंवा टिकविण्यासाठी जे बोलले जाते, ज्यात अर्थापेक्षा सोबत महत्त्वाची असते, त्या भाषाव्यवहाराचे स्वरूप मालिनोव्स्की ह्यांनी १९२३ साली विशद केले. रुग्णाला दिलेला ठराविक दिलासा ह्याच जातीचा होय. परंतु नाइटिंगेलबाईंनी त्याची दुसरी बाजू उघड केली. एरवी माणसे जोडणारे हे बोलणे रोगशय्येपाशी माणसे तोडते, कारण त्यातून दिलासा मिळतो तो बोलणाऱ्यालाच. ऐकणारा आप्तेष्टांच्या गराड्यातही एकाकी राहतो.

ह्या विवेचनाला मर्यादाही आहेत. ग्रंथ घरातील आजाऱ्यांची काळजी वाहणाऱ्या स्त्रियांसाठी लिहिलेला आहे. त्यामुळे ह्या प्रकरणातील रुग्णाला खोली आहे, भेटीला येणारे आहेत. गजबजलेल्या वॉर्डातील अनाथ रुग्णाला बडबडीपेक्षा मौनाचाच जाच अधिक होत असेल, हा विचार येथे नाही. शिवाय ती ‘एक व्यक्ती’ कोण, आणि तिने ऐकावे कसे, हेही अनुत्तरित राहते. ही उणीव पुढे सिसिली साँडर्स ह्यांनी भरून काढली. प्रथम परिचारिका असलेल्या आणि १९५७ साली डॉक्टर झालेल्या ह्या बाईंनी मरणासन्न रुग्णांची संभाषणे ध्वनिफितीवर नोंदविली. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक वेदना एकमेकींत गुंतलेल्या असतात, ही त्यांची ‘समग्र वेदने’ची कल्पना रुग्णांच्या बोलण्यातूनच आकाराला आली. लंडनमध्ये १९६७ साली सुरू झालेले सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे तिचे मूर्त रूप होय.

मग परिचारकाने स्वतः काहीच बोलू नये काय? ह्या बाबतीत एक प्राचीन दाखला उद्बोधक आहे. पाली विनयपिटकाच्या महावग्गात, अतिसाराने पडलेल्या एका भिक्षूला बुद्धाने स्वतः आनंदाच्या साहाय्याने धुतल्याची कथा आहे. तिला जोडूनच चांगल्या परिचारकाची पाच लक्षणे येतात. औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस नसणे, ही पहिली चार. धर्मकथेने रुग्णाला वेळोवेळी उल्हसित करता येणे हे पाचवे. बोलणे येथे निषिद्ध नाही. पण ते शेवटी आहे, आणि तेही वेळोवेळी. ज्याने घाण उपसली त्याच्या शब्दाला काही वजन येते, असा ह्या क्रमाचा अर्थ लावता येईल.

मराठीत ‘शुश्रूषा’ हा शब्द आज सेवा ह्या अर्थी रूढ आहे. संस्कृतात तो ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून बनला असून त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. व्युत्पत्ती म्हणजे प्रमाण नव्हे, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगावयास नको. गुरूचे किंवा धन्याचे ऐकणे, म्हणून आज्ञापालन, म्हणून सेवा, असाच ह्या शब्दाचा प्रवास आहे. त्यात रुग्णाचे ऐकणे मुळात नव्हते. पण परिचर्येला ते आज त्यात घालता येईल. मराठी माणूस अखेरच्या दुखण्यात ‘आध्यात्मिक क्लेश’ असे शब्द वापरीत नाही. तो निरवानिरवीचे बोलू लागतो. कोणाचे देणे, कोणाशी धरलेला अबोला, धाकट्या मुलीची काळजी अशा गोष्टी काढतो. त्यावर ‘असे अभद्र बोलू नये’ हे उत्तर तयारच असते. प्रश्नावलीच्या चारही रकान्यांत उत्तरे भरूनही हे बोलणे नोंदीबाहेर राहू शकते. नाइटिंगेलबाईंचे प्रकरण विद्यार्थ्यांनी आज वाचावयाचे ते ह्यासाठी, की रुग्णाला काय विचारावे ह्याआधी त्याचे बोलणे कशाने तुटते हे त्यांना कळावे.