ख्रिस्तपुराण आणि प्रवचनकाराचे शिक्षण

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’वर मराठीत जे लिहिले गेले, त्यातील पुष्कळसे लेखन मराठीच्या गौरवाच्या त्या सुप्रसिद्ध ओव्यांभोवती घुटमळत राहिले आहे. एका इंग्रज धर्मगुरूने आपल्या भाषेची थोरवी गावी, याचा आनंद स्वाभाविकच आहे. परंतु सुमारे 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ भाषेची स्तुती करण्यासाठी रचलेला नाही. पवित्र शास्त्र सामान्य श्रोत्यांपुढे कसे मांडावे, या धर्मगुरूच्या नित्याच्या प्रश्नातून तो जन्मला. म्हणूनच धर्मसेवेची तयारी करणाऱ्याचा अभ्यासग्रंथ या दृष्टीने त्याच्याकडे पाहणे मला अधिक फलदायी वाटते.

धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी प्रत्येक धर्मप्रांतात गुरुविद्यालय असावे, असे त्रेंतच्या धर्मपरिषदेने 1563 साली ठरविले. स्टीफन्स 1575 साली रोम येथे येशूसंघात दाखल झाले आणि 1579 साली गोव्यात उतरले. त्यांचे शास्त्राध्ययन लॅटिनमधले; पण ज्यांच्यासमोर उभे राहायचे, त्यांच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या ओवीचे संस्कार झालेले. हे अंतर तोडण्यासाठी त्यांनी साष्टीतल्या लोकांची बोली आत्मसात केली आणि तिचे व्याकरण लिहिले (ते त्यांच्या निधनानंतर, 1640 साली छापले गेले). पुराण राशोल येथे छापून निघाले ते 1616 साली. आगमन आणि प्रकाशन यांत 37 वर्षे गेली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सेमिनरीतून बाहेर पडल्यावरही माणसाचे शिक्षण किती काळ चालू राहू शकते, याचे हे मोजमापच म्हणायचे.

ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग वाचकांना स्मरत असेल. रविवार आहे, साष्टीत धर्मशिक्षणाचा वेळ आहे, आणि एक नवख्रिस्ती ब्राह्मण धर्मगुरूला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे एखादे पुराण का देत नाही? समीक्षकांनी या प्रश्नाचे कौतुक पुष्कळ केले. त्यातील वेदना मात्र फारशी ऐकली नाही. साष्टीतील देवळे 1567 मध्ये पाडली गेली होती. 1583 साली कुंकळ्ळी येथे जो रक्तपात झाला, त्यात पाच येशूसंघीय मारले गेले. तेव्हा या श्रोत्याची कथेची भूक निसर्गतः निर्माण झालेली नव्हती; तिच्यामागे हिरावून घेतलेले काहीतरी होते. स्टीफन्स तो प्रश्न लपवीत नाहीत, स्वतःच्या ग्रंथाच्या दारातच त्याला उभा करतात. याला मी त्यांचा प्रामाणिकपणा म्हणेन. मात्र याच ग्रंथात जुन्या देवांविषयी जे कठोर बोलणे आढळते, ते आज प्रवचनपीठावरून कोणी वाचू नये आणि वाचणारही नाही.

रचनेकडे वळू. ‘पैलें पुराण’ जुन्या कराराचे, ‘दुसरें पुराण’ ख्रिस्ताचे. हे भाषांतर नव्हे, कथन आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात जे नाही ते देवदूतांचे पतन येथे सविस्तर येते. परंपरेतून आलेल्या कथाही निःसंकोच मिसळतात. आजचा शास्त्राभ्यासक म्हणेल, मूळ संहिता आणि तिच्यावर चढलेला थर वेगळा करा. त्याचे म्हणणे रास्त आहे, आणि स्टीफन्स यांनी तसे केलेले नाही ही उणीवही खरी आहे. पण श्रोता कुठे रेंगाळेल, कुठे त्याला उसंत हवी, कोणत्या प्रसंगी आईचे मन बोलते करावे, हे त्यांना कळते. ही जाण केवळ टीकाग्रंथ वाचून येत नाही.

शब्दांचा प्रश्न याहून नाजूक. स्वर्गासाठी ते सरळ ‘वैकुंठ’ म्हणतात, कुमारी मरियेला ‘अंकुवारी’ म्हणतात. त्याचबरोबर पोर्तुगीज धर्मशब्दही वापरतात. लंडनमधील मार्सडेन हस्तलिखितात मात्र या पोर्तुगीज शब्दांच्या ठिकाणी संस्कृत शब्द दिसतात. मूळ पाठ कोणता, हा वाद अभ्यासकांचा. प्रवचनकाराला त्यातून उमजते ते असे की, शब्दाची निवड ही अर्थाचीच निवड असते. ‘वैकुंठ’ उच्चारताच श्रोत्याच्या मनात विष्णूचे धाम उभे राहणार. त्या चित्रासह पुढे जायचे की ते पुसायचे? पंडिता रमाबाईंनी दुसरी वाट धरली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगाव येथे संपूर्ण बायबलचा अनुवाद केला, तो संस्कृतप्रचुर शब्द टाळून साध्या मराठीत. 1922 साली त्या निवर्तल्या. ग्रंथ 1924 साली आला. रमाबाईंच्या शिस्तीत मूळ भाषांचा आधार आहे, स्टीफन्सच्या पसरटपणात श्रोत्यांचा. मला रमाबाईंची निवड अधिक निर्भय वाटते. परंतु ऐकणाऱ्याला बांधून ठेवण्याचे सामर्थ्य ओवीत अधिक आहे, हेही नाकारता येत नाही.

1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला, आणि ज्या भूमीत हे पुराण चर्चमध्ये वाचले जात होते, तिथेच त्याच्या भाषेवर गदा आली. 1616, 1649 आणि 1654 च्या मुद्रित आवृत्तींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 1907 साली मंगळुरू येथे जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितांवरून ते रोमन लिपीत छापले, म्हणून आपल्या हाती आले.

राशोलला आजही धर्मगुरू घडतात. पुण्याचे पेपल सेमिनरी 1955 साली कँडीहून आले. तेथील आणि इतरत्रचे उच्च शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून चालते. याला कारणेही आहेत: देशभरचे विद्यार्थी एकत्र असतात, शास्त्रविषयक ग्रंथ इंग्रजीत असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली पवित्र शास्त्राला ईशज्ञानाच्या अभ्यासाचा आत्मा मानले, तेव्हापासून हा अभ्यास सखोल झाला, याबद्दल शंका नाही. पण आपल्या धर्मग्रामातला मुलगा यशयाचे पुस्तक इंग्रजीत अभ्यासतो आणि वेदीपाशी उभा राहून मराठीत बोलतो. मधला प्रवास त्याने एकट्याने करायचा असतो. मग प्रवचनात कधी अनुवादाचा वास येतो, कधी बातमीपत्राची भाषा येते, आणि शेवटच्या बाकावरील म्हातारी जपमाळ काढते.

कारिदाद द्रागो यांनी 1996 साली आणि नेल्सन फलकाव यांनी 2009 साली हे पुराण देवनागरीत, आजच्या मराठी गद्यासह उपलब्ध करून दिले. शब्द कठीण म्हणून ते बाजूला ठेवण्याची सबब त्यामुळे उरलेली नाही. गुरुविद्यालयातील मराठी विद्यार्थ्याने ‘दुसरें पुराण’ घ्यावे, काना येथील लग्नाचा प्रसंग आधी योहानाच्या शुभवर्तमानात वाचावा, मग ओव्यांत, मग रमाबाईंच्या अनुवादात, आणि त्यानंतर स्वतःच्या धर्मग्रामासाठी तो आपल्या शब्दांत लिहून पाहावा. सहा रांजण तेथेही आहेत, येथेही. पाणी कोणी भरले आणि कोणी चाखले, हे प्रत्येक लेखक कसे सांगतो ते ताडून पाहायला एक दुपार पुरेशी आहे.