खेळाची खतावणी

आमचे चिरंजीव व्हिडिओ गेममधली प्रगती 'गिट'मध्ये जपतात. लिनस टॉरवाल्ड्सने 2005 साली लिनक्सच्या कामासाठी केलेली ही वही. आम्हां बँकवाल्यांना ती पाहताक्षणी आवडावी! जुनी नोंद खोडायची नाही, खाली नवी करायची. शेजारी तारीख, नाव आणि कारण. संगणक बसला तरी दुसरीकडे पाठवलेली प्रत शाबूत.

पण एक मेख आहे. साध्या मजकुरातले दोन ठिकाणचे बदल गिट ओळीओळीने जुळवते. खेळाची सेव्ह फाईल मात्र बहुधा नुसत्या आकड्यांची गिचमीड. घरी कोथरूडला एक लढाई जिंकलात आणि हिंजवडीला लॅपटॉपवर दुसरी, तर बेरीज होत नाही. एका विजयावर पाणी सोडावेच लागते. शिवाय नोंद आपणच करायची, पाठवायचीही आपणच. हे ज्याला रोज न चुकता जमते, त्याला खेळू कशाला देता? बँकेत पाठवा!